‘गोरा’ म्हणजे कोण?

१९१० साली न्यूयॉर्क येथील संघीय अपील न्यायालयाने मुंबईचे पारशी व्यापारी भिकाजी बलसारा हे ‘गोरे’ असल्याचा निर्णय दिला. न्यायालयाला हे ठरवावे लागले, कारण अमेरिकेच्या १७९० सालच्या कायद्यानुसार परदेशी जन्मलेल्यांपैकी केवळ ‘स्वतंत्र गोऱ्या व्यक्तीलाच’ नागरिकत्व मिळू शकत होते आणि गोरे कोणाला म्हणावे, हे त्या कायद्यात कुठेही सांगितलेले नव्हते. यादवी युद्धानंतर, १८७० साली आफ्रिकी वंशाच्या लोकांना हा हक्क मिळाला. आशियातून आलेल्या बहुतेकांसाठी मात्र दार बंदच राहिले.

व्याख्येसाठी न्यायाधीश विज्ञानाकडे वळले. कवट्यांचा अभ्यास करणारे जर्मन शास्त्रज्ञ ब्लूमेनबाख यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस मानवजातीचे पाच प्रकार मांडले होते आणि युरोपीय लोकांच्या गटाला ‘कॉकेशियन’ हे नाव दिले होते. कॉकेशस प्रदेशातील लोक त्यांना सर्वांत सुंदर वाटत, हे त्यामागचे एक कारण होते. हे प्रकार एकमेकांत नकळत मिसळत जातात आणि त्यांच्यात ठाम सीमारेषा आखता येत नाही, असेही त्यांनी स्वतःच लिहून ठेवले होते, परंतु न्यायालयांना हवी होती ती नेमकी सीमारेषाच. १८७८ साली आह यप या चिनी अर्जदाराला ‘मंगोलियन’, म्हणजे त्या पाच प्रकारांपैकी दुसऱ्याच गटातील, ठरवून नाकारण्यात आले. नोव्हेंबर १९२२ मध्ये ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थांचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला; गोरा म्हणजे कॉकेशियन आणि ओझावा कॉकेशियन नाहीत, हे त्याचे कारण होते.

पुढे तीनच महिन्यांत, फेब्रुवारी १९२३ मध्ये, अमेरिकी सैन्यात सेवा केलेल्या, पंजाबातून आलेल्या भगतसिंग थिंद यांचा नागरिकत्वाचा खटला त्याच न्यायालयापुढे आला. उत्तर भारतीयांना कॉकेशियन गटात धरणारे शास्त्रीय ग्रंथ त्यांच्या बाजूने होते. तेव्हा ओझावांचा निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती सदरलँड यांनीच आता असे म्हटले की, ‘गोरा’ या शब्दाचा अर्थ शास्त्रज्ञ नव्हे, तर सामान्य माणूस जो समजतो तोच खरा. वगळण्यासाठी विज्ञान चालले. समावेशाची वेळ येताच ते निरुपयोगी ठरले. थिंद यांच्या बाजूनेही उच्च जातीच्या ‘आर्य’ शुद्धतेचा दाखला दिला होता, हे वाचताना आपल्याला मान खाली घालावी लागते, कारण वगळण्याचे तेच तत्त्व त्यात मान्य केलेले होते.

या निकालानंतर आधी नागरिक झालेल्या अनेक भारतीयांचे नागरिकत्व सरकारने काढून घेतले. कॅलिफोर्नियात नागरिकत्वास अपात्र ठरणाऱ्याला शेतजमीन विकत घेण्यास मनाई असल्याने हा घाव थेट उपजीविकेवर बसला. थिंद यांचे वकील सखाराम गणेश पंडित यांच्यावरही तीच पाळी आली, परंतु ते स्वतःच्या खटल्यात ठामपणे लढले आणि एकदा रीतसर दिलेले नागरिकत्व पुन्हा तपासता येत नाही, या मुद्द्यावर १९२६ साली अपील न्यायालयात जिंकले. भारतीयांना हा हक्क कायद्याने मिळाला तो १९४६ साली, तोही वर्षाला सुमारे १०० स्थलांतरितांच्या मर्यादेसह. नागरिकत्वासाठीची वंशाची अट १९५२ साली पूर्णपणे रद्द झाली.