द्राक्षबाग, नदीकाठ आणि जंगल: नाशिकच्या सोप्या पायवाटांवर येण्याआधी

नाशिक परिसरातल्या आमच्या तिन्ही वाटा सोप्या आहेत: गंगापूर धरणाकाठच्या द्राक्षबागा, नांदूर मध्यमेश्वरचा पक्ष्यांचा नदीकाठ आणि अंजनेरीच्या डोंगरातले जंगल. दोर लागत नाही, हात टेकून चढावे लागत नाही. रोज पाऊण तास चालायची सवय असेल तर साठीतल्या माणसाला त्या सहज जमतात. तरीही नोंदणीच्या वेळी आम्ही आधी तारीख विचारतो आणि मगच वाट सुचवतो, कारण नदी, बाग आणि जंगल यांचे हंगाम एकमेकांशी जुळत नाहीत. अंजनेरी हिरवीगार असते तेव्हा नांदूर मध्यमेश्वरला पाहुणे पक्षी पोचलेले नसतात. आणि द्राक्षात गोडी भरते तोवर अंजनेरीचे गवत वाळलेले असते.

ढोबळमानाने सांगायचे तर जुलै ते सप्टेंबर अंजनेरी, नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी नांदूर मध्यमेश्वर आणि डिसेंबर ते मार्चचा पहिला पंधरवडा गंगापूर धरणाचा फुगवटा. एप्रिल-मे महिन्यांत आम्ही सहली ठेवत नाही. पारा चाळिशीकडे जातो आणि खरड छाटणी (हंगामानंतरची मोठी छाटणी) झालेल्या बागेत सावलीला पान उरत नाही. ऑक्टोबरमध्ये बागेची वाट बंद असते, त्याचे कारण पुढे दिले आहे.

गंगापूरचा फुगवटा आणि द्राक्षबागा

सावरगाव-गंगावऱ्हे भागातली ही वाट जाऊन-येऊन साधारण ८ किलोमीटर आहे. थांबत, बघत तीन तास लागतात. गंगापूर हे गोदावरीवरचे मातीचे धरण १९६५ साली पूर्ण झाले. त्याच्या पाण्याला लागून असलेल्या उतारांवर आज द्राक्षाच्या बागा आहेत. काही खाण्याच्या द्राक्षांच्या, तर काही वाइनच्या शेनिन ब्लाँ, सोव्हिनियाँ ब्लाँ, शिराझ अशा जातींच्या. दोन्ही ओळखणे सोपे आहे. खाण्याच्या थॉम्पसनचा घड मोकळा आणि मणी लांबट, टपोरा असतो, कारण त्यासाठी जिबरेलिक ॲसिड या वाढीच्या संजीवकाची बुडवणी आणि विरळणी केलेली असते. वाइनच्या द्राक्षाचा मणी लहान, घड गच्च आणि बी असलेला. वाइनला सालीतूनही रंग आणि चव हवी असते. मणी लहान असेल तर रसाच्या मानाने साल जास्त मिळते, म्हणून तिथे मणी फुगवत नाहीत.

बाग हे शेतकऱ्याचे कामाचे ठिकाण आहे. आम्ही मालकांची आधी परवानगी घेतो आणि ठरलेल्या ओळींमधूनच जातो. दोन ओळींत साधारण ९ फूट अंतर असते, ट्रॅक्टर आणि ब्लोअर (फवारणीचे यंत्र) फिरण्यापुरते. चालायचे ते या मधल्या पट्ट्यातून. वेली ज्या उंच बोदावर (मातीच्या वरंब्यावर) असतात त्यावर पाय देऊ नका: तिथे ठिबकची लॅटरल म्हणजे नळी असते आणि अन्नपाणी शोषणारी पांढरी मुळी वरच्या थरात असते. ओळीच्या टोकाला मांडवाला ताण देणारी तार तिरकी जमिनीत गाडलेली असते. पायवाटेवर लोक अडखळतात ते दगडाला नाही, या तारेला. ओळ संपत आली की नजर खाली ठेवा आणि मुलांना ओळीच्या तोंडाशी पळू देऊ नका.

जानेवारीत बऱ्याच बागांमध्ये घड वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेले दिसतील. रात्री कडाक्याची थंडी आणि दुपारी चटका असा फरक वाढला की हिरवे मणी गुलाबी पडतात. शेतकरी त्याला पिंक बेरी म्हणतात आणि असा माल निर्यातीला चालत नाही. कागद त्यासाठी असतो. आत काय आहे हे बघायला तो उघडू नका, विचारलेत तर शेतकरी स्वतः एखादा घड उघडून दाखवतात.

कागद नसलेल्या घडालाही हात लावू नका. मण्यावर जी पांढुरकी झाक दिसते ते मण्याचे स्वतःचे मेण आहे. बोट लागले की ती पुसली जाते, तिथे चकचकीत ठसा उरतो आणि पॅकहाउसमध्ये त्या मण्याकडे आधी बोट जाते. वर्षभर राबून आणलेला घड पाच सेकंदांत हलका होतो. खाण्याचे म्हणाल तर तोडून तोंडात टाकू नकाच. प्रत्येक फवारणीनंतर काढणीपर्यंत ठराविक दिवस जाऊ द्यावे लागतात. ते भरले की नाही हे फक्त मालकाला माहीत असते. चाखायची द्राक्षे आम्ही काढणीला आलेल्या बागेतून विकत घेऊन, धुऊन देतो.

ब्लोअरचा आवाज आला तर थांबा. ढगाळ हवेत डाऊनी आणि भुरी या बुरशीजन्य रोगांच्या भीतीने शेतकरी आयत्या वेळी फवारणी काढतात, आमच्याशी ठरलेल्या वेळेची ते वाट पाहू शकत नाहीत. अशा वेळी वारा येतो त्या बाजूला सरकून बांधावर उभे राहायचे आणि वाटाड्या सांगेल त्या ओळीने बाहेर पडायचे. त्या दिवशी बागेचा भाग गाळून आपण पाण्याकडेने जातो.

आता ऑक्टोबरविषयी. गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) झाली की काडीवरचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. ती कातडीला लागली तर आग होते, फोड येतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती शरीरात गेली की मद्य पचवण्याची क्रिया अर्ध्यावर अडते. मग आदल्या रात्री घेतलेल्या थोड्याशा वाइननेही चेहरा लाल होणे, छाती धडधडणे, धाप लागणे असा त्रास होऊ शकतो. वाइनरीला भेट आणि बागेतली चाल एकाच सहलीत असल्याने आम्ही हा धोका पत्करत नाही. बाकीच्या महिन्यांत चाल आधी आणि वाइन नंतर असा क्रम ठेवला आहे.

पाण्याच्या कडेला एक पथ्य कडक पाळा. धरणाची पातळी उतरू लागली की काठावर भेगाळलेली, वरून वाळलेली माती उघडी पडते. वरचा पापुद्रा टणक दिसतो, खाली गाळ ओलाच असतो आणि पाय गुडघ्यापर्यंत रुततो. भेगा दिसल्या की त्यापुढे जायचे नाही, फोटोसाठीही नाही. पोहण्याची परवानगी आम्ही देत नाही. जुन्या नाल्यांमुळे तळ एकदम खोल होतो.

नांदूर मध्यमेश्वर

गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळचा हा बंधारा इंग्रजांच्या काळातला. त्यात गाळ साचत गेला, पाणी उथळ झाले, मधे बेटे आणि पाणवनस्पती तयार झाल्या आणि त्यामुळेच इथे पक्षी येऊ लागले. २०२० मध्ये याला रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) जाहीर झाला, महाराष्ट्रातले हे पहिले रामसर स्थळ. खाणगाव थडीच्या बाजूने आपण आत जातो. वाट पूर्ण सपाट, जाऊन-येऊन सुमारे ५ किलोमीटर. गुडघे दुखत असतील तर हीच वाट निवडा.

सूर्योदयाला पक्षीनिरीक्षणाच्या मनोऱ्यावर असायला हवे, नंतर पक्षी लांब सरकतात आणि उन्हाची लहर उठून दुर्बिणीतही चित्र थरथरते. चक्रवाक, तलवार बदक, थापट्या, चमचा, जांभळी पाणकोंबडी हे हिवाळ्यात सहसा दिसतात. निफाडची थंडी कमी लेखू नका. पहाटे पारा ५ अंशांजवळ किंवा त्याखालीही जातो. मफलर, हातमोजे आणि स्वेटरवर वाऱ्याला अडवणारे जाकीट हवे. कपडे मातकट किंवा गडद हिरवे, पांढरा आणि लाल टाळा. सुगंधी स्प्रे नको.

या भागात ऊस आहे आणि उसात बिबट्याचा वावर असतो. म्हणून पहाटे गाडीतून उतरून मनोऱ्यापर्यंत सगळे एकत्र चालतात आणि अंधार पडण्याआधी आपण बाहेर पडतो. उसाच्या कडेला एकट्याने आडोशाला जाऊ नका, वाटाड्याला सांगा.

अंजनेरी

त्र्यंबक रस्त्यावर नाशिकपासून साधारण २० किलोमीटर. आपण पायऱ्यांनी पहिल्या पठारापर्यंत जातो, वाटेत लेणे बघतो आणि अंजनी मातेचे मंदिर व तळे पाहून परततो. वरच्या टप्प्याची चढण सोपी नाही, ती या सहलीत नाही. हे संवर्धन राखीव क्षेत्र आहे. अंजनेरीच्याच नावाने ओळखली जाणारी कंदीलपुष्पाची दुर्मीळ जात पावसाळ्यात इथल्या पठारावर फुलते. ती गवतात मिसळून जाते, लहान रोपे पायाखाली येतात, म्हणून पठारावर मळलेली वाट सोडायची नाही.

पावसात पायऱ्यांच्या मधोमध शेवाळ धरते. कडेने, पूर्ण तळवा टेकवत उतरा. घळीत दोन्ही बाजूंना कातळ आहे. जोराच्या पावसानंतर दगड सुटतात, तिथे थांबून खाऊ नका. माकडे हातातली पिशवी ओढतात, खाऊ सॅकच्या आतच ठेवा. कड्यांवर आग्या मोहोळ असते, तेव्हा धूर, आरडाओरडा आणि अत्तर तिन्ही वर्ज्य.

सोबत काय घ्यावे

माणशी दोन लिटर पाणी, टोपी, ओआरएसची दोन पाकिटे, रोजची औषधे. बूट घोट्यापर्यंतचे आणि खोल नक्षीच्या तळाचे. नवे बूट आधी आठवडाभर घरी वापरा. अवकाळी पाऊस झाला तर बागेतली काळी माती बुटाला किलोकिलोने चिकटते, म्हणून गाडीत चपलांचा जोड ठेवा. नाश्त्याला आम्ही भाकरी-पिठले किंवा मिसळ देतो. तिखट चालत नसेल तर आधी कळवा.

घोणस आणि फुरसे या भागात आहेत. पाय दिसेल तिथेच टाका. दंश झालाच तर कापू नका, चोखू नका, घट्ट बांधू नका. तो अवयव हलू न देता माणसाला उचलून आणायचे, १०८ ला फोन करायचा आणि प्रतिसर्प लस असलेल्या सरकारी रुग्णालयात न्यायचे. ते कुठे आहे हे प्रत्येक वाटाड्याला माहीत असते.

पावसाळ्यात गंगापूरचा विसर्ग वाढला किंवा हवामान खात्याचा लाल इशारा आला तर सहल पुढे ढकलतो, पैसे पुढच्या तारखेला वळते होतात, नको असतील तर पूर्ण परत मिळतात. अंतिम निर्णय आदल्या संध्याकाळी ६ वाजता फोनवर कळवतो.