उंदीर मोजण्याची रीत आणि गोव्याच्या माणक्या

जुलै संपत आला की गोव्यातल्या वर्तमानपत्रांत एक बातमी हमखास येते. मालीम आणि कुटबणच्या जेटीवर ट्रॉलरना रंग लागतोय, जाळी दुरुस्त होतायत, परराज्यांतले खलाशी अजून पोचलेले नाहीत, १ ऑगस्टला बंदी उठणार. त्या बातमीतले एक वाक्यही ठरलेले असते: 'पावसाळा हा माशांच्या विणीचा काळ असल्याने दोन महिने मासेमारी बंद ठेवली जाते.' वाक्य खोटे नाही, पण त्यात बरेच काही एकाच पाटीत भरले आहे. त्या पाटीतल्या एका प्राण्याचे बंदीच्या तारखांशी फारसे जमत नाही, आणि नेमका तोच दिवाळीच्या आसपास रेशाद मसाला भरून किंवा बटर-गार्लिक होऊन आपल्या ताटात येतो. तो प्राणी म्हणजे माणकी, मालवण-रत्नागिरीकडचे म्हाकुल, इंग्रजीतला स्क्विड.

आधी बंदीविषयी थोडक्यात. सत्तरच्या दशकात गोव्यात रापणकार (किनाऱ्यावरून जाळे ओढणारे पारंपरिक मच्छीमार) आणि ट्रॉलरवाले यांच्यात जोरदार संघर्ष झाला, त्यातून १९८० चा सागरी मासेमारी नियमन कायदा आला. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत राज्याचा अंमल, त्यापुढे केंद्राचा. पश्चिम किनाऱ्यावर पूर्वी ४७ दिवसांची बंदी असे, २०१५ पासून ती १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची झाली. पूर्व किनाऱ्यावर मात्र १५ एप्रिल ते १४ जून. कारणे दोन आहेत. खवळलेल्या दर्यात माणसे मरू नयेत हे एक. दुसरे असे की मान्सूनच्या वाऱ्यांनी किनाऱ्यालगत खोलातले पोषक पाणी वर येते, प्लवक माजतात आणि तारली, बांगडा यांच्या पिल्लांना खायला मिळते.

माणकीचे गणित वेगळे आहे. आपल्या किनाऱ्यावरच्या नेहमीच्या जातीचे शास्त्रीय नाव युरोट्युथिस डुवॉसेली. तिच्या अंड्यावर आलेल्या माद्या वर्षभर सापडतात. काही महिने भर असतो, पण 'हाच तो विणीचा हंगाम' असे बोट ठेवता येईल असा एक काळ नाही. दोन महिने ट्रॉल समुद्रतळ खरवडत नाहीत याचा फायदा तिलाही होतो, कारण तिची अंडी तळालाच चिकटवलेली असतात. शिवाय पिल्लांना वाढायला सवड मिळते. तरी तिची वीण बंदीच्या चौकटीत मावत नाही. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला की दर्या शांत होतो, असे मानणारे अजून पुष्कळ आहेत. दर्या शांत होतो तो नैर्ऋत्येचे वारे ओसरू लागतात म्हणून. नारळ जरूर वाहावा, पण राजपत्रातल्या तारखांनाही तसाच भाविकपणे हात जोडू नयेत.

माणकी जेमतेम वर्षभर जगते. हे कळायलाही बराच काळ गेला. पूर्वी जेटीवर आलेल्या माणक्यांची लांबी मोजत आणि लहानमोठ्या गटांवरून वयाचा अंदाज बांधत. तो दोन-तीन वर्षांपर्यंत जाई. पुढे संशोधकांनी तिच्या डोक्यातल्या, तोल सांभाळणाऱ्या इंद्रियातला मिलिमीटरभराचा चुनखडीचा खडा काढला, घासून पातळ केला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. त्यावर वलये असतात आणि दिवसाला एक वलय पडते. झाडाच्या खोडात वर्षे मोजावीत तसे इथे दिवस मोजता येतात. जुने अंदाज त्यामुळे कोलमडले. वाढ प्रचंड वेगाने होते, नर-मादीचे मीलन होते, मादी पारदर्शक चिकट शेंगांत अंडी भरून तळाला लावते आणि मरते. पिल्ले बाहेर येतात तेव्हा आईबाप शिल्लक नसतात.

विसवणाचा (सुरमईचा) किंवा बांगड्याचा विचार केला तर फरक लक्षात येतो. त्यांच्या साठ्यात एकाच वेळी दोन-तीन किंवा अधिक वर्षांच्या पिढ्या असतात. एका वर्षाची वीण वाया गेली तरी थोरले मासे पुढच्या वर्षी पुन्हा अंडी घालतात. माणकीच्या साठ्यात थोरले कोणी नाहीच. यंदाची सगळी पिढी म्हणजेच सगळा साठा. म्हणून मत्स्यशास्त्रज्ञ तिच्याकडे भाताच्या पिकासारखे बघतात: किती कापले याइतकाच महत्त्वाचा प्रश्न म्हणजे बियाण्यासाठी किती राखले. 'यंदा इतके टन पकडा' असे वर्षभर आधी ठरवणे इथे जवळपास निरर्थक आहे, कारण त्या वेळी ज्या माणक्या मोजायच्या त्या जन्मलेल्याच नसतात. मोजणी करायची तर हंगाम चालू असताना, बोटी समुद्रात असताना.

पण समुद्रातल्या माणक्या मोजायच्या कशा?

यावरचे उत्तर मला मत्स्यशास्त्रातले सर्वांत देखणे गणित वाटते, आणि त्याचा उगम समुद्रात नाही. आफ्रिकेत सिएरा लिओनच्या फ्रीटाउन शहरात सापळ्यांत पकडलेल्या उंदरांच्या आकड्यांवरून शहरातल्या त्या भागात एकूण उंदीर किती होते हे लेस्ली आणि डेव्हिस या संशोधकांनी १९३९ मध्ये काढून दाखवले. युक्ती अशी. रोज तेवढेच सापळे लावा. उंदीर काढून टाकत गेलात की सापळ्यामागे मिळणारे उंदीर कमी होत जातात. ते किती वेगाने कमी होतात यावरून सुरुवातीला किती होते ते कळते.

माणक्यांसाठी काल्पनिक आकडे घेऊ. समजा नोव्हेंबरच्या सुरुवातीला एका तासाच्या ट्रॉलिंगमागे २० किलो माणकी मिळते आहे. सगळ्या बोटींची मिळून ३०० टन पकड झाली, तेव्हा तासाला १६ किलो मिळू लागली. ६०० टन झाली तेव्हा १२. आता आलेखाच्या आडव्या अक्षावर आतापर्यंतची एकूण पकड घ्या आणि उभ्या अक्षावर तासामागची पकड. तीन बिंदू एका उतरत्या सरळ रेषेत येतात. दर ३०० टनांमागे रेषा ४ किलोने खाली येते. ती तशीच पुढे वाढवली तर शून्याला कुठे टेकेल? १५०० टनांवर. म्हणजे सुरुवातीला तिथे १५०० टन माणक्या होत्या. कोणीही बुडी न मारता, फक्त बोटींच्या नोंदींवरून हे कळले. बियाण्याचा वाटा ४० टक्के, म्हणजे ६०० टन राखायचा असेल तर ९०० टनांवर थांबायचे. तासामागची पकड २० वरून ८ किलोवर आली की हंगाम बंद.

आता खरे त्रांगडे. हंगामात माणकी वाढत असते. पकड किलोत मोजली तर संख्या घटत असतानाही तासामागचे वजन वाढलेले दिसू शकते. म्हणून गणित नगांत करावे लागते, त्यासाठी रोजच्या सरासरी वजनाने टनांना भागायचे. ही वाढ पाण्याच्या तापमानावर फार अवलंबून असते. दिवसाला ५ टक्के आणि ६ टक्के हा फरक किरकोळ वाटतो, पण घातांकी वाढीत ९० दिवसांनी दुसरी माणकी पहिलीच्या जवळपास अडीचपट होते. शिवाय जाळ्यात न सापडताही माणक्या मरतात, मोठे मासे त्यांना खातात आणि त्या एकमेकींनाही खातात. म्हणून ४० टक्के म्हणजे सुरुवातीच्या संख्येचे ४० टक्के नव्हेत. मासेमारी झालीच नसती तर हंगामाच्या शेवटी जितक्या जगल्या असत्या, त्यांच्या ४० टक्के. त्यासाठी रेषेच्या सूत्रात प्रत्येक दिवसाच्या पकडीला नैसर्गिक मृत्यूच्या घटकाने गुणत जावे लागते, आणि रेषा सरळ राहत नाही. त्यात मध्येच बाहेरून माणक्यांची नवी लाट आत शिरली तर आलेख उडी मारतो. अशा दोन-तीन लाटा गृहीत धरून संगणकाला तारखा शोधायला लावतात. सर्वांत फसवी गोष्ट तर पुढेच आहे. माणक्या विणीसाठी एका जागी गोळा झाल्या की साठा निम्मा झाला तरी तासामागची पकड तेवढीच राहते, कारण बोटी थेट त्या घोळक्यावर जातात. रेषा उतरतच नाही, आणि उतरते तेव्हा फार उशीर झालेला असतो. प्रखर दिवे लावून माणक्या गोळा करण्याचाही हाच धोका. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने आपल्या सागरी क्षेत्रात एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. तिची चर्चा बहुधा पारंपरिक मच्छीमारांवरच्या अन्यायापुरती होते. तो अन्याय आहेच, पण दिव्यांमुळे मोजपट्टीच खोटी होते हे कोणी बोलत नाही.

ही रीत रोजच्या व्यवहारात बसवली ती दक्षिण अटलांटिकमधल्या फॉकलंड बेटांनी. तिथे १९८७ पासून परवाने सुरू झाले, आणि जॉन बेडिंग्टन व सहकाऱ्यांनी हंगाम चालू असतानाच आठवड्यागणिक साठा मोजून बोटी थांबवण्याची पद्धत मांडली. इलेक्स जातीसाठी ४० टक्के हा आकडा तिथलाच. दुसऱ्या, किनाऱ्याजवळच्या जातीचे वर्षात दोन हंगाम असतात. तिच्यासाठी किमान १०,००० टन विणीला उरलेच पाहिजेत असा दंडक आहे. २०२४ मध्ये दुसऱ्या हंगामाआधीच्या पाहणीत साठा इतका कमी दिसला की तो हंगाम उघडलाच नाही. माणकीच्या परवान्यांवर ज्या बेटांचा सरकारी खर्च मोठ्या प्रमाणात चालतो त्यांनी हे केले.

कॅलिफोर्नियाची तऱ्हा वेगळी. तिथे हंगामाला १,१८,००० अमेरिकन टनांची, म्हणजे आपल्या सुमारे १ लाख ७ हजार टनांची मर्यादा आहे. ती पहिल्यांदा डिसेंबर २०१० मध्ये गाठली आणि मार्चपर्यंत चालणारा हंगाम तिथेच संपला. मला त्यांचा दुसरा नियम जास्त आवडतो: शुक्रवारी दुपारपासून रविवारी दुपारपर्यंत दर आठवड्याला बंदी. तिथली मासेमारी विणीच्या घोळक्यांवरच चालते, म्हणून आठवड्यातल्या दोन रात्री तरी माणक्यांना कोणी छेडत नाही. जपाननेही १९९८ पासून आपल्या उडत्या माणकीला एकूण पकडीची मर्यादा लावली आहे.

इथे एका उत्साही बातमीचा समाचार घ्यायला हवा. २०१६ मध्ये एक शोधनिबंध आला: साठ वर्षांच्या नोंदींवरून जगभर माणकी, कवटी (कटलफिश), ऑक्टोपस यांची संख्या वाढत असल्याचे त्यात दिसत होते. लगेच समुद्रावर आता यांचेच राज्य येणार, असे मथळे झळकले. निबंध चांगला आहे. पण भराभर वाढणारा प्राणी भराभर कोसळतोही, आणि जगाच्या सरासरीवरून कुटबणच्या जेटीवर पुढच्या वर्षी काय उतरेल हे सांगता येत नाही.

मग गोव्यात हे का करू नये? सरळ उचलून आणता येणार नाही. फॉकलंडची बोट माणकीसाठीच जाते. आपल्या ट्रॉलरच्या जाळ्यात माणकीबरोबर कोळंबी, राणे, लेपे आणि आणखी कायकाय येते. फक्त माणकीसाठी त्याला थांबवायचे तर बाकीच्यांचे काय? दुसरी अडचण आपल्या समुद्राची आहे. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी कांदोळीसमोर वर्षानुवर्षे मोजमापे घेतली आहेत. पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरपर्यंत आपल्या उथळ समुद्राच्या तळाशी प्राणवायू फार कमी असलेले पाणी पसरते. माणकीला प्राणवायू भरपूर लागतो, अशा पाण्यात ती राहू शकत नाही. ती सरकते आणि पाणी बदलले की परत येते. म्हणजे 'बाहेरून कोणी आले नाही, बाहेर कोणी गेले नाही' हे उंदरांच्या गणितातले गृहीतक आपल्याकडे हंगामाच्या सुरुवातीलाच मोडते. कुठल्याही सप्टेंबरात माणकी कमी मिळाली म्हणजे ती संपली असे नव्हे, आणि नंतर भरपूर मिळाली म्हणजे ती वाढली असेही नव्हे.

पण काहीच करता येत नाही असेही नाही. केरळने माणकीच्या धडाची किमान लांबी ८ सेंटीमीटर ठरवली आहे, त्याहून लहान पकडायची नाही. ट्रॉलच्या जाळ्यातून बोटीवर आलेली माणकी परत टाकली तरी क्वचितच जगते, म्हणून हा नियम जाळ्याच्या खोळीचा आस (भोकांचा आकार) मोठा केल्याशिवाय कागदावरच राहतो. टनांच्या मर्यादेपेक्षा मला तरी आपल्यासाठी नोव्हेंबरनंतरची मोजणी महत्त्वाची वाटते. पाणी स्थिरावलेले असते, प्राणवायू परतलेला असतो, आणि तेव्हा उतरत्या रेषेला काही अर्थ असतो. तिला लागणारे निम्मे आकडे जेटीवर आजही तयार होतात. निर्यातीचा माल घेणारे लोक माणकी किलोत किती नग बसतात त्यावरून वेगळी करतात: १० च्या आतली, १० ते २०, २० ते ४०. भाव त्यावरच ठरतो, त्यामुळे ती मोजणी चोख असते. टनांवरून नग काढायला ती पुरेशी आहे. कमी आहे ती दुसरी नोंद, प्रत्येक तांडेलाने त्या फेरीत जाळे किती तास ओढले याची.