पार्श्वभूमी : समर स्मारकाचा धडा आणि ‘शहीद’ शब्दाचा गुंता

केंद्रीय अभ्यासक्रमाच्या सातवीच्या इंग्रजी पुस्तकात २०२३ साली दिल्लीतल्या राष्ट्रीय समर स्मारकावरचा धडा आला. धड्यात दोन मित्र एकमेकांना पत्रं लिहितात आणि त्या पत्रांतून स्मारकाची ओळख होते. पुढे २०२५ला पुस्तकच नवं आलं, तरी धडा टिकला. स्मारकाचं उद्घाटन झालं २५ फेब्रुवारी २०१९ला. म्हणजे वास्तू उभी राहून पुरती पाच वर्षंही झाली नव्हती, तोवर ती क्रमिक पुस्तकात पोहोचली होती. आपल्या पाठ्यपुस्तकांच्या मानाने हा वेग नवलाचाच. स्मारकाला मात्र जवळपास साठ वर्षं ताटकळावं लागलं, आणि धडा नेमका त्या साठ वर्षांवरून उडी मारून जातो.

मेलेल्या योद्ध्याचा दगड उभा करणं आपल्याला नवं नाही. गावोगावच्या देवळांबाहेर वीरगळ आहेत: खालच्या चौकटीत लढाई, मध्ये अप्सरा वीराला वर नेताहेत, सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करतोय आणि माथ्यावर चंद्रसूर्य. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांनी गावांत पाट्या बसवल्या. या गावातून इतके लोक लढाईला गेले, पैकी इतके मेले, एवढाच मजकूर, नावं नाहीत. साताऱ्याकडच्या अपशिंगे गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ चिकटलं ते त्याच युद्धामुळे.

इंडिया गेटवर नावं आहेत, तेरा हजारांहून जास्त. पण ती साम्राज्याच्या फौजेतली. १९४७नंतर पडलेल्यांसाठी तिथे काहीच नव्हतं. २६ जानेवारी १९७२ला कमानीखाली उलटी रायफल, तिच्यावर हेल्मेट आणि अमर जवान ज्योत आली, ती घाईघाईने केलेली सोय होती. सैन्यदलांनी वेगळ्या स्मारकाची मागणी १९६०च्या सुमारासच केली होती. फायली फिरत राहिल्या. २००६मध्ये मंत्र्यांचा गट बसला. २०१२मध्ये, चीन युद्धाला पन्नास वर्षं होताना, इंडिया गेटजवळची जागा जाहीर झाली, तर दिल्लीच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनीच विरोध केला: लोक संध्याकाळी तिथल्या हिरवळीवर येऊन बसतात, स्मारक झालं की पहारे येतील आणि वातावरण बिघडेल. नगररचनेच्या जाणकारांना तर राष्ट्रपती भवन ते इंडिया गेट या सरळ अक्षावर काही नवं उभं राहणंच नको होतं. हरकत अगदीच पोकळ नव्हती, पण हिरवळीवरच्या आइसक्रीमच्या गाड्या आणि सैनिकांचे पंचवीस हजार मृत्यू एकाच तराजूत घालायचे का, हा प्रश्न उरतोच. मंत्रिमंडळाची मंजुरी ऑक्टोबर २०१५मध्ये मिळाली. चेन्नईच्या एका वास्तुरचनाकाराने स्पर्धेत जिंकलेल्या आराखड्यात बरंचसं बांधकाम जमिनीच्या पातळीखाली उतरवलं आहे, त्यामुळे कमानीचं दृश्य अडत नाही. सुमारे चाळीस एकर जागा, १७६ कोटी खर्च, मध्ये साडेपंधरा मीटरचा स्तंभ. स्मारक चक्रांत, म्हणजे वर्तुळांत रचलेलं; त्यांपैकी वीरता चक्रातली लोंगेवाला, रेझांग ला वगैरे लढायांची सहा ब्राँझची भित्तिशिल्पं धुळ्याजवळच्या गोंदूर गावच्या शिल्पकाराने घडवलेली. २१ जानेवारी २०२२ला कमानीखालची जुनी ज्योत स्मारकातल्या नव्या ज्योतीत ‘विलीन’ झाली. विरोधक ‘विझवली’ म्हणाले. क्रियापदावरून इतकं भांडण क्वचितच झालं असेल.

वर्गात खरी अडचण येते ती नामाची. स्मारकातल्या त्याग चक्र या वर्तुळाच्या सोळा भिंतींवर उद्घाटनाच्या वेळी २५,९४२ नावं होती. एकेका ग्रॅनाइटच्या तुकड्यावर एकेक नाव, हुद्दा आणि पलटण. ही माणसं कोण? बहुतेक बातम्या म्हणतात ‘शहीद’. पण संरक्षण आणि गृह या दोन्ही खात्यांनी २०१७मध्ये माहिती अधिकाराच्या एका प्रकरणात सांगितलं की ‘शहीद’ असा शब्द त्यांच्या दप्तरात नाहीच. फेब्रुवारी २०२२मध्ये लष्कराने आपल्या सगळ्या कमांडना कळवलं की ‘मार्टर’ (‘शहीद’चा इंग्रजी प्रतिशब्द) म्हणू नका. कारण असं की तो शब्द श्रद्धेपायी किंवा मतापायी मरण पत्करणाऱ्याचा. सैनिक कर्तव्य बजावताना पडतो.

मराठी शिक्षकाला वाटतं, सोपं आहे, ‘हुतात्मा’ म्हणू. पण तो शब्दही भाषाशुद्धीच्या काळात ‘मार्टर’साठीच घडवलेला, आणि त्यावर संयुक्त महाराष्ट्राने आपला शिक्का मारलेला. मुंबईतला हुतात्मा चौक गोळीबारात मेलेल्या नागरिकांचा आहे, सैनिकांचा नव्हे. ‘वीरमरण’ चालतं, फक्त ते छापून छापून गुळगुळीत झालंय. माझ्या मते आपली जुनी भाषा इथे सरकारी इंग्रजीपेक्षा नेमकी आहे. बखरकार लिहितो, अमुक सरदार ‘कामास आला’. बोलण्यातही ‘कामी आला’ म्हणतात, ‘धारातीर्थी पडला’ म्हणतात. ‘किल्ड इन अ‍ॅक्शन’ याहून वेगळं काय सांगतं?

हा शब्दच्छल वाटेल, पण पोरं लगेच पुढचं विचारतात. उद्घाटनाच्या अकरा दिवस आधी, १४ फेब्रुवारीला, पुलवामात चाळीस जवान गेले. त्यांतले दोघे बुलढाणा जिल्ह्यातले. अख्ख्या देशाने त्यांना शहीद म्हटलं. त्यांची नावं या भिंतीवर शोधू नका. ते केंद्रीय राखीव पोलीस दलाचे, म्हणजे गृह खात्याचे. त्यांची भिंत चाणक्यपुरीतल्या पोलीस स्मारकात, जे २१ ऑक्टोबर २०१८लाच खुलं झालं होतं. नियमाला धरून आहे, मान्य. सातवीतल्या मुलाला तो नियम पटवून देताना मात्र शिक्षकाची त्रेधा उडते.

दुसरा गोंधळ माजी सैनिकांचा. त्यांचा दिवस १४ जानेवारी, स्मारक मात्र पडलेल्यांचं. तरी स्मारकाच्या परम योद्धा स्थळ या भागात परमवीरचक्राच्या ज्या एकवीस मानकऱ्यांचे अर्धपुतळे आहेत, त्यांतले तिघे हयात आहेत. आणि तिसरा गोंधळ खास आपला: ‘राष्ट्रीय युद्ध स्मारक’ शोधलं तर पुण्यातलं निघतं. ते लोकवर्गणीतून उभं राहिलं, १५ ऑगस्ट १९९८ला, म्हणजे दिल्लीच्या वीस वर्षं आधी. कारगिलमध्ये वापरलेलं मिग-२३ तिथे ठेवलं आहे. पुण्याच्या मुलांची सहल आधी तिथे न्यावी, धडा मग वाचावा.

शाळांना जोडणारा ‘वीर गाथा’ उपक्रम २०२१पासून चालतो. पहिल्या वर्षी आठ लाख मुलं होती, चौथ्या खेपेला पावणेदोन कोटींच्या वर. मुलं शौर्यपदक विजेत्यांवर निबंध, कविता, चित्रं करतात. त्याग चक्रातल्या बहुसंख्य नावांपुढे मात्र पदक नाही. त्यांच्यावर निबंध कोण लिहिणार?

त्यांच्यासाठी स्मारकात रोज संध्याकाळी एक छोटा विधी असतो. पडलेल्यांपैकी एकाच्या घरचं माणूस, आई, बायको, कधी नातू, बोलावून त्याच्या हातून पुष्पचक्र वाहिलं जातं. रोज एक या हिशेबाने पहिल्या २५,९४२ नावांनाच ७१ वर्षं लागतील.