कॅमेरा काढण्याआधी पंचांग काढा

आकाशाचे फोटो काढू लागलेल्या बहुतेकांकडे महिनावार लक्ष्यांची एखादी परदेशी यादी असते. तिच्यात जुलै-ऑगस्टसमोर ‘आकाशगंगेचं केंद्र’ लिहिलेलं असतं. पुण्यात तेव्हा आठ-आठ दिवस सूर्यसुद्धा दिसत नाही. अशा याद्या ४०-५० अंश उत्तर अक्षांशावरच्या लोकांसाठी केलेल्या असतात. आपण १८.५ अंशांवर राहतो आणि वर्षातले चार महिने पावसाला देऊन टाकतो. आपली यादी आपणच करायला हवी, आणि तिचा सांगाडा भिंतीवरच्या दिनदर्शिकेत आधीच छापलेला आहे.

मराठी महिन्यांची नावं नक्षत्रांवरून आली. कार्तिकातल्या पौर्णिमेचा चंद्र कृत्तिकांच्या आसपास असतो, मार्गशीर्षातला मृगाच्या, चैत्रातला चित्रेच्या. पौर्णिमेला चंद्र सूर्याच्या समोरच्या बाजूला असतो, त्यामुळे त्या महिन्याचं नक्षत्र दिवेलागणीला उगवतं आणि मध्यरात्री सर्वांत उंच येतं. फोटोला मात्र चंद्र नको. आपल्याकडे महिना अमावास्येला, म्हणजे पौर्णिमेनंतर पंधरा दिवसांनी संपतो. तारे रोज सुमारे ४ मिनिटं आधी उगवतात, म्हणजे पंधरा दिवसांत तासभर. म्हणून कार्तिक अमावास्येला रात्री साडेअकराच्या सुमारास कृत्तिका पुण्यात जवळजवळ डोक्यावर असतात आणि आकाश काळंभोर असतं. उत्तर भारतात महिना पौर्णिमेला संपतो, तिथे ही सोय नाही. चांद्र महिने ऋतूंच्या मागेपुढे सरकतात खरे, पण अधिक मास त्यांना पुन्हा जागेवर आणतो. नक्षत्र कळलं की नेमकी वेळ मोबाइलवरच्या आकाशनकाशात पाहावी.

आकाशगंगेचं केंद्र धनु राशीत, मूळ नक्षत्राजवळ आहे. पुण्यातून ते दक्षिणेला सुमारे ४२ अंशांपर्यंत चढतं. लंडनहून जेमतेम १० अंश. एवढं चांगलं स्थान असून त्याचा ‘अधिकृत’ हंगाम आपल्याकडे ढगांत जातो. त्यावर उपाय पहाटेचा. मार्चच्या सुरुवातीला पहाटे पाच वाजता केंद्र आग्नेयेला तीसेक अंशांवर आलेलं असतं. एप्रिलच्या मध्यावर ते पावणेपाचला, तांबडं फुटण्याच्या जरा आधी, बरोबर दक्षिणेला असतं. मेच्या मध्यावर तीच जागा पावणेतीनला. म्हणजे पुणेकरांचा आकाशगंगेचा हंगाम माघ ते वैशाख, गजर लावून उठणाऱ्यांसाठी. याच काळात डोंगरांवर वणवे लागतात आणि क्षितिजालगत धूळ साचते, म्हणून लक्ष्य ३० अंशांच्या वर येईपर्यंत थांबावं. ३० अंशांवरच्या ताऱ्याचा प्रकाश माथ्यावरच्या ताऱ्याच्या दुप्पट हवेतून येतो. हात लांब करून धरलेली मूठ साधारण १० अंश मोजते. तीन मुठी मोजल्या की झालं.

एका लक्ष्यासाठी मी हा नियम आनंदाने मोडतो: नरतुरंगातला ओमेगा सेन्टॉरी. सुमारे १७ हजार प्रकाशवर्षं दूर असलेला, लक्षावधी ताऱ्यांचा हा गोलाकार तारकागुच्छ आकाशात पूर्ण चंद्राएवढी जागा व्यापतो. लंडनमध्ये तो उगवतच नाही. पुण्यात तो दक्षिणेला २४ अंशांपर्यंत येतो. पहिल्यांदा त्याच्यासाठी मी जुन्नरच्या बाजूला गेलो आणि रात्र वाया घालवली, कारण तिथून दक्षिणेच्या क्षितिजावर पुण्याच्याच दिव्यांचा उजेड पसरलेला असतो. तेव्हापासून लक्ष्य आधी ठरवतो, गाव नंतर. दक्षिणेकडचं काही हवं तर भोर किंवा वेल्हे, म्हणजे शहर पाठीमागे राहतं. सप्तर्षींजवळची एम ८१ दीर्घिका (आपल्या आकाशगंगेसारखीच दूरची तारकानगरी) उत्तरेला ३९ अंशांपर्यंतच चढते, तिच्यासाठी जुन्नर बरं.

हिवाळा सोपा. पाऊस ओसरला की ऑक्टोबर-नोव्हेंबरात संध्याकाळी देवयानी दीर्घिका, मग कृत्तिका, मग मृगातला तेजोमेघ. थंडीत लेन्सवर दव धरतं, तेवढं सांभाळावं.

नवशिक्यांची निराशा बहुतेकदा लक्ष्याच्या आकारावरून होते. देवयानी अंधुक असली तरी सुमारे ३ अंश, म्हणजे सहा चंद्र शेजारी ठेवल्याएवढी लांब आहे. २०० मिमीच्या लेन्समध्ये ती छान बसते. सिंहेतल्या तीन दीर्घिकांचं त्रिकूट त्याच लेन्सने काढलं तर तीन पुसट ठिपके मिळतात. ट्रॅकर (ताऱ्यांच्या गतीने कॅमेरा फिरवणारं यंत्र) नसेल तर फुल-फ्रेम कॅमेऱ्यासाठी ५०० ला फोकल लेंग्थने भागावं आणि येतील तेवढेच सेकंद शटर उघडं ठेवावं: २० मिमीला २५ सेकंद, ५० मिमीला १०. त्यापुढे तारे रेघा ओढू लागतात.

अमावास्या मेच्या मध्याच्या आसपास आली आणि वळवाचे ढग नसले, तर भोरच्या पुढे एका रात्रीत दोन्ही साधतात. साडेदहाला ओमेगा सेन्टॉरी दक्षिणेला असतो, पावणेतीनला आकाशगंगेचं केंद्र. मध्ये चार तास मिळतात. तेवढ्यात बॅटऱ्या बदलून, ट्रायपॉड न हलवता गाडीत झोप काढता येते.