ऑपरेशनच्या आदल्या रात्रीचे जुलाब

गेल्या वैशाखात मावशीचं मोठ्या आतड्याचं ऑपरेशन ठरलं. आमचं गाव वर्धा जिल्ह्यातलं. सकाळी नागपूरला भरती व्हायचं आणि आदल्या संध्याकाळी घरीच पावडरचं पाणी पिऊन पोट साफ करायचं, असं सांगितलं होतं. ते खारट पाणी तिनं नाक धरून कसंबसं घशाखाली उतरवलं. संडास अंगणाच्या टोकाला. रात्री दोन वाजता कितव्यांदा तरी उठली आणि न्हाणीजवळच भोवळ येऊन पडली. पोटऱ्यांत गोळे आले होते. "पायात जीवच नाही राहिला गं," एवढंच म्हणत होती. सकाळी तिनं बीपीची, लघवी जास्त करणारी गोळीही घेतली होती. ती थांबवायची का, हे आम्ही विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही.

मोठ्या आतड्याचं रोजचं काम म्हणजे पाणी आणि क्षार परत रक्तात ओढून घेणं. जुलाबाचं औषध नेमकं हेच काम मोडतं. पाण्याबरोबर सोडियम, पोटॅशियमही जातं. पोटॅशियम घसरलं की स्नायू ढिले पडतात, हृदयाचे ठोके चुकू शकतात आणि ऑपरेशननंतर आतडं लवकर जागं होत नाही. त्यात ४५ अंशांचं ऊन आणि आधीच सुकलेलं म्हातारं शरीर.

सगळी औषधं सारखी नसतात. पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर शोषली जात नाही, तिच्यात क्षारही असतात. त्या मानानं ती सुरक्षित, पण दोन ते चार लिटर प्यावी लागते. सोडियम फॉस्फेटची बाटली लहान, म्हणून प्यायला सोपी वाटते. मात्र ती शरीरातलंच पाणी आतड्यात खेचते आणि फॉस्फेटचे खडे किडनीच्या नळ्यांत साचू शकतात. याच कारणानं अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००८ साली तिच्याबद्दल कडक इशारा दिला. किडनीचा आजार असलेल्यानं ती घेऊच नये.

हा सगळा त्रास कशासाठी? आतडं रिकामं असलं तर जंतुसंसर्ग कमी होईल आणि टाके टिकतील, ही जुनी समजूत. २००७ साली नेदरलँड्समधल्या १,४३१ रुग्णांच्या चाचणीत आतड्याचा शिवलेला जोड गळण्याचं प्रमाण जुलाब दिलेल्यांत ४.८ टक्के आणि न दिलेल्यांत ५.४ टक्के निघालं, म्हणजे सांगण्याजोगा फरक नाही. शिवाय अर्धवट साफ झालेलं आतडं जास्त त्रासाचं, कारण आतला पातळ मळ ऑपरेशनच्या वेळी सहज सांडतो. तोंडावाटे अँटिबायोटिक जोडून दिलं तर काय, यावर सर्जनांत अजून मतभेद आहेत. गुदाशयाच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाच्या, ऑपरेशनचा हिशोब वेगळा, आणि कोलोनोस्कोपीला, म्हणजे दुर्बिणीनं आतडं तपासायला, तर आतडं साफ लागतंच. म्हणून सांगितलेली पावडर आपल्या मनानं टाळू नये. पण "माझ्या ऑपरेशनला ही खरंच लागते का?" हे डॉक्टरांना विचारायचा हक्क प्रत्येकाला आहे, आणि शुगर, बीपी, किडनीच्या गोळ्यांचं काय करायचं हेही तेव्हाच विचारावं. पोट फुगून संडास, वारा बंद झाला असेल तर हे औषध घेऊच नये. आतडं फाटण्याची भीती असते.

त्या रात्री आम्ही मावशीला ओआरएसचे घोट पाजत गाडीनं नागपूरला नेलं. पोटॅशियम सलाइनमधून भरून काढण्यात दोन दिवस गेले. ऑपरेशन तिसऱ्या दिवशी झालं.