कापड कुजतं, पण शिवण?

सुती कापडाचा तुकडा ओलसर, जिवंत मातीत पुरला, तर काही आठवड्यांतच तो विरू लागतो. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, ग्लुकोजच्या रेणूंची लांबच लांब साखळी. ती तोडणारी सेल्युलेज नावाची विकरं मातीतल्या बुरशीकडे आणि जिवाणूंकडे कोट्यवधी वर्षांपासून आहेत. ताग आणि लिननचंही तसंच. लोकर आणि रेशीम प्रथिनांचे; त्यांना खाणारे सूक्ष्मजीवही निसर्गात आहेत.

पॉलिस्टरचा शोध लागला १९४१ च्या सुमारास, ब्रिटनमध्ये. उत्क्रांतीच्या हिशेबात ही कालचीच गोष्ट. या प्लास्टिकवर जगणारा एक जिवाणू जपानी संशोधकांनी २०१६ मध्ये जगासमोर आणला खरा, पण कपड्याच्या धाग्यातली घट्ट, स्फटिकी रचना त्यालाही सहजी फोडता येत नाही.

मग सुती शर्ट घेतला की झालं? माझ्या मते खरी फसगत इथेच होते. शर्ट सुती असला तरी शिवणीचा दोरा बहुधा पॉलिस्टरचा, बटणं प्लास्टिकची. ताणलं जाणारं कापड असेल तर त्यात इलास्टेन हा रबरासारखा ताणणारा कृत्रिम धागाही विणलेला असतो. सुरकुत्या पडू नयेत म्हणून जी रसायनं वापरतात, ती सेल्युलोजच्या साखळ्या एकमेकींना जखडून टाकतात. मग विकरांना आत शिरायला वाव मिळत नाही आणि कुजणं लांबतं.

कापड कुठे पडतं, यावरही बरंच अवलंबून असतं. खोल दडपलेल्या कचऱ्यात ऑक्सिजन पोचत नाही. तिथे सुती कापड कुजलं, तर मिथेन तयार होतो, आणि शंभर वर्षांच्या काळात मिथेनची उष्णता धरून ठेवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीसपटीहून जास्त भरते. मक्यासारख्या पिकांपासून केलेल्या पॉलिलॅक्टिक आम्लाच्या धाग्यावर ‘जैवविघटनशील’ असं लिहिलेलं असतं. पण तो नीट कुजायला औद्योगिक खतप्रकल्पातली साठेक अंश सेल्सिअसची उष्णता लागते. समुद्राच्या पाण्यात तो वर्षभरानंतरही जवळपास तसाच आढळला आहे. नुसत्या लेबलावर मी म्हणूनच विश्वास ठेवत नाही.

मला आश्वासक वाटतो तो लायोसेल. लाकडाचा लगदा एका सेंद्रिय द्रावकात विरघळवून त्याचे तंतू ओढतात आणि तो द्रावक जवळजवळ सगळाच परत मिळवून पुन्हा वापरतात. लाकडाच्याच लगद्यापासून होणाऱ्या व्हिस्कोज या जुन्या धाग्यासाठी लागणारा विषारी कार्बन डायसल्फाइड इथे लागत नाही. शिवणीसाठी लायोसेलचा किंवा सुती दोरा आणि बटणांसाठी कोरोझो या ताडवर्गीय झाडाचं कठीण बी वापरलं, तर बटणासकट अख्खा शर्ट कुजू शकेल असा बेतता येतो.