राउटरच्या घड्याळात पहाटेचे साडेपाच

वीज जाऊन आली की आमचा राउटर दीडेक मिनिटात उठून बसतो. एका संध्याकाळी तो उठल्यावर मी ब्राउझरमध्ये त्याचं पान उघडलं आणि त्याची नोंदवही, म्हणजे सिस्टिम लॉग, वाचायला घेतली. पहिली ओळ होती १ जानेवारी १९७०, सकाळी ५ वाजून ३० मिनिटं १४ सेकंद. त्याखालच्या वीसेक ओळी त्याच पहाटेच्या. मग एक ओळ एनटीपीची, म्हणजे नेटवर्कवरून वेळ विचारून घेणाऱ्या सोयीची, आणि तिच्यापुढे एकदम आजची तारीख, आजची संध्याकाळ.

युनिक्स घराण्यातली यंत्रं वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० च्या ग्रीनिचच्या मध्यरात्रीपासून लोटलेल्या सेकंदांत. बहुतेक घरगुती राउटरही याच घराण्यातले. पण मग मध्यरात्रीचे बारा न दिसता साडेपाच का दिसले? राउटरच्या सेटिंगमध्ये भारतीय प्रमाणवेळ निवडलेली होती, आणि ग्रीनिचला शून्य वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेपाच झालेले असतात. आपण कुठे आहोत हे राउटरला ठाऊक होतं. कधी आहोत हे मात्र तो विसरला होता.

विसरण्याचं कारण अगदी साधं आहे. डेस्कटॉप संगणकाच्या मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो. वीज नसतानाही त्याच्यावर घड्याळ चालू राहतं. घरगुती राउटरांत बहुधा हा सेलही नसतो आणि ते घड्याळही नसतं. वीज गेली की वेळ गेली. त्यामुळे दर वेळी उठल्यावर राउटरला कुणाला तरी विचारावं लागतं, ‘किती वाजले?’

हे विचारणं दिसतं तितकं सोपं नाही. गावाहून आलेल्या पत्रात ‘आत्ता दहा वाजलेत’ असं लिहिलेलं असलं, तरी पत्र हातात पडेपर्यंत ते दहा शिळे झालेले असतात. किती शिळे, हे कळलं तरच त्या पत्राचा उपयोग. पुढे अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठात प्राध्यापक झालेल्या डेव्हिड मिल्स यांनी हेच कोडं सोडवायला घेतलं. त्यांच्या नेटवर्क टाइम प्रोटोकॉलचा, म्हणजे एनटीपीचा, पहिला मसुदा १९८५ चा. मिल्स २०२४ च्या जानेवारीत गेले, त्यांचा प्रोटोकॉल आजही जगभर चालू आहे.

त्यांची युक्ती चार नोंदींची आहे. समजा, आपल्या राउटरचं घड्याळ पाच सेकंद मागे आहे. तो बरोबर दहाला वेळ सांगणाऱ्या सर्व्हरला ४८ बाइटचं एक चिमुकलं पॅकेट, म्हणजे माहितीचं पुडकं, पाठवतो आणि त्यावर ‘निघालो : १०:००:००.०००’ असं लिहितो. सर्व्हर आपल्या घड्याळानुसार ‘पोचलं : १०:००:०५.०२०’ आणि ‘उत्तर निघालं : १०:००:०५.०२१’ अशा दोन नोंदी करतो. उत्तर राउटरकडे येतं तेव्हा त्याच्या घड्याळात १०:००:००.०४१ झालेले असतात. आता राउटर एकूण लागलेल्या ४१ मिलिसेकंदांतून सर्व्हरनं स्वतःकडे खर्च केलेला एक वजा करतो. प्रवासाचे उरले ४०. मग तो दोन फरक काढतो : जाताना सर्व्हरचं घड्याळ ५.०२० सेकंद पुढे दिसलं, येताना ४.९८० पुढे. दोन्हींची सरासरी नेमकी ५. जाताना जो वेळ फरकात मिसळला, तोच येताना वजा झाला. दोन घड्याळं जुळायच्या आधीच त्यांच्यातला फरक हाती आला. हे गणित मी पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा पेन खाली ठेवून थोडा वेळ नुसताच बसलो होतो.

यात एक गृहीत आहे : जायला जितका वेळ लागतो तितकाच यायला. तसं नसेल तर फसगत होते. जाताना ३० आणि येताना १० मिलिसेकंद लागले, तर राउटर १० मिलिसेकंदांनी चुकतो आणि ते त्याला कळायचा मार्ग नसतो. म्हणून एकाच सर्व्हरवर विसंबायचं नाही. दोन दिले आणि त्यांचं पटलं नाही, तर खरा कोण हे ठरवता येत नाही. तीन असले की बहुमत पाहता येतं. चार दिले तर एखादा बंद पडला तरी निभावतं. खोटं बोलणारं घड्याळ ओळखून बाजूला ठेवणं हे एनटीपीच्या कामाचं मोठं अंग आहे.

एकदा विचारून भागत नाही. राउटरमधला क्वार्ट्झचा स्फटिक दहा लाखांत वीस भागांनी जरी चुकत असला, तरी दिवसाला पावणेदोन सेकंदांची चूक होते, महिन्याला पन्नासेक. शिवाय स्फटिकाची चाल तापमानानुसार बदलते, आणि राउटर ठेवलेला असतो टीव्हीमागच्या कोंदट कप्प्यात. म्हणून एनटीपी साधारण ६४ ते १०२४ सेकंदांच्या अंतरानं पुन्हापुन्हा विचारत राहतो. फरक मोठा असेल तर घड्याळ एकदम सरकवतो, तीच लॉगमधली १९७० वरून आजवरची उडी. फरक थोडा असेल तर मात्र काटा मागे ओढत नाही, घड्याळाची चालच जराशी मंद किंवा जलद करतो, सेकंदामागे जास्तीत जास्त अर्ध्या मिलिसेकंदानं. सेकंदाचा दहावा भाग भरून काढायला २०० सेकंद लागतात. ही घाई न करणं मला फार आवडतं. घड्याळ मागे गेलं तर आधी घडलेली गोष्ट नोंदवहीत नंतर घडलेली दिसेल.

आता ही खरी वेळ येते कुठून? मुळाशी अणुघड्याळं आहेत. सीझियमच्या अणूशी निगडित प्रारणाची ९ अब्ज १९ कोटी २६ लाख ३१ हजार ७७० आंदोलनं झाली की एक सेकंद, ही १९६७ पासूनची व्याख्या. भारताची प्रमाणवेळ दिल्लीतली राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा अशा घड्याळांवर राखते. अणुघड्याळ शून्याव्या पायरीवर, त्याला जोडलेला सर्व्हर पहिल्या, त्याला विचारणारा दुसऱ्या, अशी ही उतरंड पंधरापर्यंत जाते. सोळा म्हणजे ‘याची वेळ धरू नका’. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार देशातल्या सेवा पुरवठादारांनी, डेटा सेंटरांनी आणि कंपन्यांनी आपली घड्याळं या प्रयोगशाळेच्या किंवा एनआयसीच्या (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या) सर्व्हरांशी, किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरांशी मिळवायची आहेत. घरच्या राउटरला सक्ती नाही, पण त्यात ‘समय१ डॉट एनआयसी डॉट इन’ लिहायला हरकत काहीच नाही.

हे लिहायचं पान बहुतेक राउटरांत ‘सिस्टिम’ किंवा ‘टाइम सेटिंग्ज’ या नावाखाली सापडतं. सर्व्हरांची नावं भरा, टाइम झोनमध्ये कोलकाता निवडा. एनटीपी जगभर एकच वेळ वाहून आणतो, यूटीसी, म्हणजे ग्रीनिचशी जुळणारी जागतिक वेळ. साडेपाच तास मिळवण्याचं काम राउटर स्वतः करतो. म्हणून वेळ बरोबर साडेपाच तासांनी चुकलेली दिसली तर सर्व्हर बदलत बसू नका, टाइम झोन पाहा. (साडेपाचाचा हा आकडा आपल्याकडे १९०६ पासूनचा. त्याआधीपासूनची मुंबईची स्वतःची वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे होती, आणि शहरात तिचा वापर नंतरही कित्येक दशकं टिकला.) राउटरांसाठीच्या ओपनडब्ल्यूआरटीसारख्या मुक्त प्रणालीत हाच झोन ‘आयएसटी उणे ५:३०’ असा लिहिलेला दिसतो. आपण तर ग्रीनिचच्या पुढे, मग उणे कसे, असं वाटून कुणी ते चिन्ह बदलतो आणि घड्याळ अकरा तास मागे जातं. तिथे उलटा हिशेब लिहायची रीत आहे : स्थानिक वेळेत किती मिळवले म्हणजे यूटीसी येईल.

एक अडचण मात्र मला दोन संध्याकाळी पुरली. घरात सुरक्षित, कूटबद्ध डीएनएस (नावावरून आकडी पत्ता सांगणारी सेवा) सुरू केला आणि त्यानंतर वीज गेली की राउटर १९७० मध्येच अडकून पडायला लागला. सर्व्हरचं नाव दिलेलं असतं, त्याचा आकडी पत्ता डीएनएसला विचारावा लागतो. सुरक्षित डीएनएस आधी आपली ओळख पटवणारं, ठरावीक मुदतीचं प्रमाणपत्र दाखवतो. ते पाहून राउटर म्हणतो, हे वैध व्हायला अजून पन्नासहून जास्त वर्षं आहेत. प्रमाणपत्र नाकारलं, पत्ता मिळाला नाही, वेळ कळली नाही. आणि वेळ कळत नाही तोवर प्रमाणपत्र पटत नाही.

यावर पहिला विचार येतो तो नावाऐवजी सरळ आकडी पत्ताच लिहून टाकण्याचा. तो करू नये असं मला ठामपणे वाटतं, आणि त्यामागे २००३ सालचा एक प्रसंग आहे. त्या मे महिन्यात अमेरिकेत मॅडिसनच्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या वेळ-सर्व्हरवर पॅकेटांचा पूर आला. पुढच्या महिन्यात तो सेकंदाला अडीच लाख पॅकेटांपर्यंत चढला. आधी हा हल्ला वाटला होता. शोध घेता कळलं की नेटगिअर कंपनीच्या स्वस्त राउटरांच्या चार मॉडेलांत या सर्व्हरचा आकडी पत्ता कायमचा कोरलेला होता, आणि उत्तर आलं नाही तर ते दर सेकंदाला पुन्हा विचारत होते. असे राउटर सात लाखांच्या वर होते. नाव असतं तर ते दुसऱ्या पत्त्याकडे वळवता आलं असतं. कोरलेला आकडा घराघरांतून पुसायचा कसा? पुढे कंपनीनं विद्यापीठाला भरपाई दिली. त्याच २००३ मध्ये सुरू झालेल्या एनटीपी पूलमध्ये स्वयंसेवकांचे हजारो सर्व्हर एकाच नावामागे उभे असतात आणि भार वाटून घेतात.

माझी गाठ सुटली ती अशी. राउटरमध्ये ठरावीक नावापुरता साधा डीएनएस वापरायची सोय होती. वेळ-सर्व्हरांची नावं तेवढी त्या वाटेनं सोडली, बाकी सगळं पूर्ववत सुरक्षित ठेवलं. जाता जाता राउटरलाच घरापुरता वेळ-सर्व्हर केलं आणि दाराबाहेरच्या कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरमध्ये त्याचा पत्ता दिला, कारण त्या डीव्हीआरचं घड्याळ चार मिनिटं पुढे गेलेलं होतं. ही सेवा घराच्या आतच ठेवायची. यूडीपीचं १२३ क्रमांकाचं पोर्ट, म्हणजे एनटीपीची ये-जा होते ते दार, बाहेरच्या बाजूला उघडं राहिलं तर परकी माणसं ते दुसऱ्यावर पॅकेटांचा मारा करायला वापरू शकतात.

मग राउटरची वीज मुद्दाम बंद करून पुन्हा चालू केली आणि लॉग उघडून बसलो. १ जानेवारी १९७०, ५:३०:१४. नेहमीच्या ओळी. ५:३०:४१ ला एनटीपीची ओळ, आणि तिच्याखाली आजची रात्र, ९ वाजून १२ मिनिटं. भिंतीवरच्या घड्याळात सव्वानऊ झाले होते. ते काढून घेतलं आणि तीन मिनिटं मागे केलं.